मृण्मयीचं प्रतिमन

वारणाकाठ विद्यापीठाच्या प्रतिमन प्रयोगशाळेत मृण्मयी धोत्रे शिरली ती भांडायच्या तयारीनेच. बारावीला बेचाळीस टक्के पडलेली मुलगी सहसा मान खाली घालून येते. ही ताठ मानेने आली आणि म्हणाली, "सर, आता पुरे करा. मी ओळखलंय."

डॉ. मुजावरांनी चष्मा कपाळावर सारला. "काय ओळखलंयस?"

"मी खरी मृण्मयी नाहीच. तिचं प्रतिमन आहे."

मुजावरांनी शेजारच्या मेजावरच्या डॉ. हेमलता कीर्तन्यांकडे पाहिलं. असं म्हणत येणारी ही काही पहिली नव्हती, आणि दोष विद्यापीठाचाच होता. प्रवेश मागणाऱ्या प्रत्येकाच्या मेंदूची नोंद घेऊन संगणकात त्याची हुबेहूब नक्कल उभी करायची, हेच प्रतिमन. आपण नक्कल आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसे. त्याच्या हाती मुद्दाम वाईट निकाल द्यायचा आणि ते कसं सावरतं ते बघायचं. सावरलं तर खऱ्या विद्यार्थ्याला जागा. यंदा ही गोष्ट बाहेर फुटली, आणि कमी गुण पडलेल्या घराघरांतून प्रतिमनं निघू लागली.

"कशावरून म्हणतेस?" मुजावरांनी विचारलं.

"सगळे ठरवल्यासारखे बोलतात. बाबा म्हणाले, मोबाइलने घात केला. आत्या म्हणाली, टक्क्यांत काय असतं. शेजारच्या काकू त्यांच्या लेकाचे पेढे घेऊन आल्या आणि वर म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. हे सगळं मी आधीच मनात म्हणून ठेवलं होतं, शब्द न् शब्द."

"अगं, वाईट निकाल लागला की घरोघरी हेच बोलतात," कीर्तने म्हणाल्या.

"पण तिचा संशय अगदीच फोल नाही," मुजावर म्हणाले. "नक्कल एकट्या विद्यार्थ्याची असते. भोवतालची माणसं म्हणजे त्याच्याच समजुतीतून उभी केलेली बुजगावणी. त्याला न सुचलेलं ती बोलणार कुठून?"

"माणसंच कशाला, वस्तूही तशाच," कीर्तने म्हणाल्या. "दगड तरंगतो असं तो मनापासून मानत असेल, तर त्याच्या जगात दगड तरंगेल."

"बघा," मृण्मयी म्हणाली. "मी रडले नाही, चिडले नाही. धीराने घेतलं. मग झाले ना पास?"

"फेरपरीक्षेचा अर्ज भरलास?" कीर्तन्यांनी विचारलं. "आज शेवटची तारीख आहे. त्यात गुण वाढले तर इथे पुन्हा विचार होतो. नाहीतर वर्ष गेलं."

"खोट्या जगात अर्ज कशाला भरू?"

"बाळ, तू खरी आहेस," मुजावर कळवळून म्हणाले.

"बुजगावणंही हेच म्हणेल, सर."

कीर्तने उठल्या. त्यांनी एक काचेचा टब पाण्याने भरला, त्यात स्टीलचं वाडगं तरंगत सोडलं, वाडग्यात लोखंडी वजन ठेवलं आणि पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारली.

"फिजिक्सच्या पेपरात हा प्रश्न होता. वाडग्यातलं वजन उचलून पाण्यात सोडलं तर टबातली पातळी चढेल की उतरेल? तू काय लिहिलंस?"

"चढेल. वजन पाण्यात आलं म्हटल्यावर चढणारच. तपासणाऱ्याने उगाच शून्य दिलं."

"मग सोड. तुझ्या समजुतीचं जग असेल तर पाणी रेघेच्या वर जाईल."

"हेमलताबाई, नको," मुजावर पुटपुटले.

मृण्मयीने वजन उचललं, आणि आपण कशाची आस धरून बसलो आहोत हे तिला तेव्हा कळलं. तिला खोटं असायचं होतं. जग खरं निघालं तर बेचाळीस टक्केही खरे, आणि बाबांचा उतरलेला चेहराही. तिने वजन पाण्यात सोडलं.

पाणी डुचमळून स्थिर झालं. पातळी रेघेच्या चांगली बोटभर खाली होती.

"वाडग्यात असताना ते आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत होतं," कीर्तने सांगू लागल्या. "बुडाल्यावर फक्त आपल्या आकाराइतकं सारतं. लोखंड वजनाला भारी, आकाराला लहान. म्हणून पातळी उतरली."

हे मृण्मयीला स्वप्नातही सुचलं नसतं. निकालानंतर पहिल्यांदाच ती रडली, आणि बराच वेळ रडली.

"मॅडम, ही युक्ती तुम्हाला कशी सुचली?" डोळे पुसत तिने विचारलं.

कीर्तने जरा घुटमळल्या. "मला नाही. तुझ्या प्रतिमनाला सुचली. तिलाही आम्ही वाईट निकाल दिला होता. तिने न्हाणीघरात बादली भरून हेच करून पाहिलं."

"मग?"

"तिचं पाणी चढलं. आपलंच बरोबर होतं म्हणून ती निर्धास्त झाली. रडली नाही. अर्जही भरला नाही."

"मग ती पास झाली?"

"नाही."

"आता कुठे आहे ती?"

"मुदत संपली की यंत्र बंद करतात," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "शेवटपर्यंत खुशीत होती."

मृण्मयीने ओला हात ओढणीला पुसला.

"अर्ज इथूनच भरता येईल का?" तिने विचारलं.