सारवलेल्या रंगमंचावरचे ठसे

"मेघाताई, विहीर फोडली! लवकर या!"

मयुरीचा फोन आला तेव्हा मेघा वर्ध्याच्या बसस्थानकासमोर तर्री-पोहे खात होती. अर्धी प्लेट तशीच टाकून तिनं ऑटो पकडला. विहीर प्लायवूडची होती हे खरं, पण आज संध्याकाळचं अख्खं नाटक त्या विहिरीवर उभं होतं.

विद्यापीठाच्या नाट्यगृहात दर हिवाळ्यात नाट्यविभागातल्या मुलांच्या नाटकांचा हंगाम चालतो. यंदाचं शेवटचं नाटक 'आमच्या विहिरीचं पाणी'. लिहिलं नाचणगावच्या रत्नदीपनं, मुख्य काम मयुरीचं, आणि पडद्यामागचा सगळा कारभार मेघाचा. मेघा कारंजा घाडग्याची. बापाचा हायवेवर ढाबा. ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत मोठी झालेली ही पोरगी कुणालाच भीत नसे, आणि तसं तोंडावर सांगायलाही कमी करत नसे.

नाट्यगृहात पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली.

विहिरीचं कडं फोडलेलं, रहाट मोडलेला, मागे रंगवलेली झोपडी उभी फाडलेली. नाटकाला खरं अंगण हवं म्हणून मयुरीनं आदल्या संध्याकाळी रंगमंच शेणानं सारवून वाळायला ठेवला होता. त्या सारवणात आता पाय उमटले होते. अनवाणी पाय.

कुलसचिव आधीच येऊन उभे होते. पहिल्या रांगेत विभागप्रमुख पुंडलिकराव देवतळे सर गुडघा चोळत बसले होते, आणि रत्नदीप खांबाला टेकून, मूठ आवळून.

"यात शोधायचंय काय?" कुलसचिव रत्नदीपकडे बोट करत म्हणाले. "या नाटकात अनवाणी कोण वावरतं? हाच ना? आपणच सेट मोडायचा आणि अन्याय झाला म्हणून बोंब मारायची. पेपरात फोटो येतो. आजचा प्रयोग रद्द. याच्या निलंबनाचा कागद संध्याकाळी निघेल."

"माह्यी विहीर मी कायले फोडू?" रत्नदीप उसळला. "आज तानाआत्या येऊन राह्यली पाहाले! तिची गोष्ट हाये ही!"

गोष्ट खरीच तानाबाईंची होती. त्या लहान असताना त्यांच्या माहेरच्या गावात बौद्ध वस्तीनं आपल्या हातांनी विहीर खणली. पाणी लागलं. दुसऱ्याच दिवशी पाटील आला, काठीनं खूण केली आणि त्याच्या गड्यांनी मेलेलं वासरू त्या पाण्यात टाकलं. वस्तीनं वासरू काढलं, विहीर उपसली आणि वस्ती तेच पाणी प्याली. नाटकाच्या शेवटी मयुरी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, घेऊन प्रेक्षकांत उतरते आणि सगळ्यांना पाणी देते. रत्नदीपची सक्त ताकीद होती, "गडवा हातात द्यायचा. वरून ओंजळीत ओतायचं नाई. वरून लय पेलो आपण."

"मुलांनो, हंगाम छान झाला," सर हळूच म्हणाले. "एका प्रयोगासाठी ताणू नका."

"ताणू नका?" मेघाचं डोकं फिरलं. "सर, ती म्हातारी एसटीनं येऊन राह्यली. तिले काय सांगू, घरी जा म्हणून? साहेब, मले दुपारपर्यंत टाइम द्या. चोर दाखवते."

"आणि नाही दाखवला तर?"

"मंग माह्यंबी नाव टाका त्या कागदावर."

कुलसचिवांनी घड्याळ पाहिलं. "चार वाजता येतो. नाहीतर कुलूप."

ते गेल्यावर मेघा रंगमंचाच्या कडेकडेनं फिरली. मागचं दार कुणी उघडलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. खांदा मारला की ते दार उघडतं, हे अख्ख्या विभागाला ठाऊक. पाय ओल्या शेणात घसरलेले, त्यामुळे माप घ्यायची सोय नव्हती. पण डाव्या विंगेच्या पायऱ्यांपाशी, जिथून ते पाय सुरू होत होते, तिथे फळीच्या काठावर आणखी काहीतरी होतं. डाव्या हाताचा पंजा, चांगला दाबून उमटलेला. आणि त्याच्या शेजारी उजव्या हाताची नुसती बोटं, अगदी हलकी.

"मयुरी, इथं हात तू टेकवलेत?"

"नाई ताई. मी उजव्या बाजूनं उतरलती."

मेघा तिथेच उकिडवी बसली. आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. ज्यानं एवढी नासधूस केली त्यानं विद्यापीठाच्या जुन्या मखमली पडद्याला बोटही लावलं नव्हतं. आणि डाव्या विंगेत वाटेवरच असणारा पितळी नटराज कुणीतरी उचलून दूर भिंतीशी, खुर्चीवर नीट ठेवला होता.

"आपलं सामान मोज बरं," ती म्हणाली.

मयुरीनं मोडतोड चाळली. सगळं होतं, मोडकं का होईना. फक्त पाटलाची चांदीच्या मुठीची काठी कुठेच नव्हती.

पहिलं पकडलं विभागाबाहेरच्या शुभमला. त्यानं परवाच कँटीनमध्ये, नाटक केलं तर मांडव मोडू, अशी धमकी दिली होती.

"काल रात्री कुठं होता?"

"पुलगावले. चुलतभावाच्या हळदीत. दोनशे लोकायनं पाह्यलं नाचताना."

"हे बूट कधी काढतं तू?"

"झोपताना. काऊन?"

"स्टेजवर चढताना?"

"स्टेजवर कायले काढू? देऊळ हाये का ते?" शुभम हसला. "हे पाह्य मेघे, मी मोडलं असतं तं व्हिडिओ टाकला असता. लपून मोडून मले काय भेटते?"

पटण्यासारखं होतं. शुभमला चूप बसून काही करणं जन्मात जमलं नसतं.

दुसरा विवेक. दिवे त्याच्या ताब्यात, आणि सरांचा लाडका.

"तू रंगमंचाले नमस्कार करतं ना?"

"रोज. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. चपला काढायच्या, फळीला हात लावायचा, मगच वर पाय ठेवायचा. रत्नदीपचे पोट्टे सोडून सगळेच करतात."

"करून दाखव."

विवेक गोंधळला, पण त्यानं चपला काढल्या, कमरेत वाकला, एका हाताची बोटं फळीला लावून कपाळाला नेली आणि सरळ उभा राहिला. "झालं. काऊन?"

"काई नाई. जा, दिवे तपास. आज प्रयोग हाये."

तिसरा रत्नदीप. तो मागच्या पायरीवर बसला होता.

"तू नमस्कार काऊन करत नाई रे?"

"तुले माहीत हाये ना. सरांशी माह्यं पहिल्या दिवसापासून हेच भांडण. म्या म्हटलं, लाकडाले नाई करत. समोर बसलेल्या लोकायले करतो, शेवटी."

"चुकून, सवयीनं?"

"सवयच नाई तं चुकून कसा करू?"

"बरं. काठीवरून कोणी काई बोललं होतं?"

रत्नदीपनं कपाळाला आठ्या घातल्या. "सरच बोलले होते. तालमीत विचारलं त्यायनं, ही कोणत्या गावची गोष्ट. म्या आत्याच्या माहेराचं नाव सांगितलं. मंग लय वेळ चूप होते. दुसऱ्या दिवशी म्हणे, चांदीची मूठ भडक दिसते, साधी काठी घे. म्या म्हटलं, आत्यानं पाह्यली तशीच राहीन."

मेघा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. सरांनीच तिला आवाज कसा लावायचा ते शिकवलं होतं. ढाबेवाल्याची पोर म्हणून बाकीचे हसत होते तेव्हा त्यांनीच तिला पुढे उभं केलं होतं. मग तिला संध्याकाळी निघणारा तो निलंबनाचा कागद आठवला आणि ती उठली.

"मयुरी, शेण आण. ओलं पाह्यजे."

चार वाजता कुलसचिव आले. मागोमाग सर, विवेक, आणि गंमत बघायला शुभमही.

"दाखवा तुमचा चोर."

"दाखवते. सर, एकदा वर येऊन पाहता का? ही विहीर उभी कशी करायची, तुमीच सांगा."

पहिल्या रांगेत टेकलेले सर खुर्चीचा हात धरून उठले. गुडघ्यानं त्रास दिला तसा "आई गं" असा उद्गार निघाला. डाव्या पायऱ्यांपाशी त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. गुडघा वाकेना म्हणून डावा पंजा फळीवर टेकला, अंगाचा भार त्यावर दिला, उजव्या हाताची बोटं फळीला लावली आणि कपाळाला नेली.

आणि तसेच थांबले. कपाळावर ओलं शेण लागलं होतं.

"हात उचला, सर," मेघा म्हणाली. तिनं कुलसचिवांना हातानं बोलावलं. "साहेब, इकडे या. हा रात्रीचा पंजा, वाळलेला. हा आत्ताचा. ही रात्रीची बोटं, ही आत्ताची. जोडीनं पाहून घ्या."

कुलसचिव वाकले आणि त्यांनी दोन्ही ठसे जोडीनं पाहिले.

"बाहेरचा असता तं बूट घालून चढला असता," मेघा म्हणाली. "शुभमसारखा. अन् पडदाबी फाडला असता. यानं बूट काढले, नटराज उचलून नीट ठेवला, पडदा वाचवला, रंगमंचाले नमस्कार केला, अन् मंग मोडलं. असं नाटकवालाच करू शकते. रत्नदीप अनवाणी असतो, पण तो फळीले हात लावत नाई, त्यावरून वर्षभर भांडला. विवेक लावतो, पण एकाच हातानं, उभ्या उभ्या. हात टेकल्याशिवाय कोणाले वाकता येत नाई? जित्याची खोड हाये सर, अंधारातबी सुटली नाई. अन् काठीच तेवढी नेली. बाकी सगळं मोडलं, काठी काऊन मोडवली नाई?"

सर पायरीवरच बसले. त्यांचं नेहमीचं घोटीव मराठी कुठल्या कुठे गेलं.

"माह्या बापाची तशीच होती," ते म्हणाले. "गावात त्यायच्या नावाची कमान हाये. लोक देवमाणूस म्हणतात. मी लहानपणी ती काठी धरून चाललो, मेघा. वासराचं मले कोणी कधी सांगितलंच नाई. तालमीत पह्यल्यांदा ऐकलं."

"थे समजलं असतं सर," मेघा म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही. "विहीर प्लायवूडची होती. या पोट्ट्यानं दुसरी केली असती. पण सकाळी तुमच्या पायांवरून याले चोर ठरवलं, अन् तुमी समोर बसून ऐकून राह्यले होते. गुडघा चोळत! चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् वरून म्हणता, ताणू नका. मंग तो नमस्कार कोणाले केला होता तुमी?"

सर कपाळावरचं शेण पुसत राहिले.

कुलसचिवांनी घसा साफ केला. "हे पाहा, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू द्या. निलंबन वगैरे काही नाही. तुमचा प्रयोगही होऊ द्या. फक्त ते वासराचं दृश्य तेवढं गाळा. सरांचं वय आहे, इभ्रत आहे."

"आमची नव्हती?" रत्नदीप म्हणाला. "एक शब्द गाळत नाई."

"नाटक होईल," मेघा म्हणाली. "अख्खं होईल. याच मोडक्या विहिरीवर होईल. अन् हे पाय कोणी पुसायचे नाईत. कुलूप लावायचं असलं साहेब, तं लावा. बाहेर पटांगणात करू, मोबाईलच्या उजेडात करू. सर, काठी द्या."

सर अनवाणीच आपल्या खोलीकडे गेले. परत आले तेव्हा हातात काठी होती. त्यांनी ती रत्नदीपच्या हातात दिली. कुलसचिवांनी कुलपाचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. विहीर फोडल्याची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे न येणारेही आले. शुभमसुद्धा मागे उभा राहिला, का ते त्यालाच ठाऊक. तानाबाई पहिल्या रांगेत होत्या, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. त्यांच्या रांगेतच, टोकाच्या खुर्चीत सर येऊन बसले. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पाटील झालेला अंकित आत आला तो वाळलेल्या त्या ठशांवर पाय ठेवत. त्यानं चांदीच्या मुठीची काठी उचलून मोडक्या विहिरीकडे रोखली, तशी तानाबाईंनी पिशवी छातीशी धरली. "हीच," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "अशीच होती."

शेवटी मयुरी गडवा घेऊन खाली उतरली. एकेक जण हातात घेऊन पीत होता, पुढच्याला देत होता. ती सरांपाशी आली. सरांनी हात पुढे केले, पण गडवा धरायला नाही. मान खाली घालून त्यांनी ओंजळ केली.

मयुरी गडबडली. हे तालमीत नव्हतं.

तानाबाई खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या आणि सरांच्या तोंडाकडे वाकून पाहू लागल्या.

"पाटलाचा ना रे तू? नाक तेच हाये."

सरांनी मान हलवली.

"गडवा दे त्याले हातात, पोरी," तानाबाई म्हणाल्या. "वरून नको ओतू. आपल्या विहिरीचं पाणी आपण असं नाई देत कोणाले."

मयुरीनं गडवा सरांच्या हातात दिला. विंगेत उभ्या मेघाला विवेकनं खुणेनं विचारलं, दिवे घालवू का?

"नाई," मेघा म्हणाली. "चालू राहू दे. पाहू दे सगळ्यायले."