आधी आडोसा

बाळ झोपलंय, तोवर लिहून घेते.

त्या उन्हाळ्यात भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमागे मी लोकाटच्या, त्या उत्तरेकडच्या फळझाडाच्या, रोपावर ओली चादर धरून उभी होते. आमचे नाना, माझे वडील, रेल्वेत गार्ड. त्यांनी ते कलम सहारनपूरहून मांडीवर धरून आणलेलं. पानं कडेने करपत चालली होती.

“रोपाचा घाम पुसू राहिले का?”

कुंपणापलीकडे एक तरुण. असोद्याचा अभिमन — केळीचे घड वॅगनमध्ये भरून परतताना पाणी मागायला थांबलेला. पाणी प्याला, पण नजर रोपावरच… निदान मला तेव्हा तसं वाटलं.

“पश्चिमेची झळ लागू राहिली याला. आम्ही केळीच्या बागेभोवती शेवरी लावतो. वारा अडतो.”

पुढच्या खेपेला शेवरीचं बी घेऊन आला. पावसाळा सरता सरता शेवरी माझ्या डोक्यावर गेली आणि तिच्या आड रोपाला कोवळी, लवदार पानं फुटली.

दिवाळीत आम्ही धुळ्याला दादाकडे गेलो. पाणी घालायचं काम अभिमनकडे. परतलो, तर पानं पिवळी, आळ्यात डबकं.

“केळीसारखं पाजलंत?”

“पाहुणं झाड. पाणी विचारायला नको?”

“विचारायचं. ओतायचं नाही.”

चेहरा पडला बिचाऱ्याचा. चर खणून त्याने सगळं पाणी काढलं. पाय धुवायला मी तांब्या पुढे केला, तर म्हणतो, “बेताने ओता हं.”

झाड वाचलं. दोन वर्षांनी फळ धरलं, आणि नेमके तेव्हाच नाना रिटायर झाले. क्वार्टर सोडून धुळ्याला जायचं. झाड नेता येणार नव्हतं. आणि तो…

पहिलं पिकलं फळ मी त्याच्या हातावर ठेवलं. त्याने गर मला दिला, बिया रुमालात बांधल्या.

“कुठे लावणार?”

“मागच्या दारी. शेवरी लावून ठेवलीय.”

“बी मिळायच्या आधीच?”

“आडोसा आधी करावा लागतो. मग आणायचं… ज्याला आणायचं त्याला.” तो मातीकडे बघत राहिला. “पाणी किती द्यायचं, ते मात्र मला अजून कळत नाही. सांगायला याल — असोद्याला?”

“नानांना विचारा,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. त्याला आला.

आज त्या बियांचं झाड असोद्याच्या या घराच्या खिडकीला लागलंय. फळ अजून नाही. बाहेर दुपारची झळ शेवरीला धडकून सळसळतेय. इथे बाळाच्या जावळातला केससुद्धा हलत नाही.

मागच्या दारातून त्याने हलक्या आवाजात विचारलं, “देऊ का पाणी?”

“द्या,” मी म्हणाले. “थोडंच.”