शपथ न घेणारी मुलगी

कामशेतच्या स्टँडवर जीप सुटताना गचका बसला आणि अमृतच्या मांडीवरची दह्याची किटली लवंडली... नेमकी शेजारच्या मुलीच्या निळ्या ओढणीवर.

"लय सांडलं का?" त्यानं घाबरत विचारलं.

अशा वेळी लोक काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. तोंडानं 'चालायचंच' आणि डोळ्यांनी शिव्या.

"हो, बरंच सांडलंय," ती म्हणाली. मग हसली. "पण राग नाही आला. रुमाल आहे?"

"आहे. पण धुतलेला न्हाई."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. अनोळखी पोरीला इतकं खरं कोण सांगतं?

पवनानगर येईपर्यंत बरंच कळलं. ती लोणावळ्याची सुवार्ता साळवे. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. धरणाकाठच्या एका कॅम्पवर फोन घ्यायला मुलगी हवी आहे असं ऐकून ती निघाली होती. तो कॅम्प अमृतचाच होता. बारा तंबू आणि एक स्वयंपाकघर. तिथं राज्य त्याच्या आईचं, शालूबाईचं.

सुवार्ताची अट एकच होती. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना, त्यामुळे दुपारी येणार.

"अगं, रविवार म्हंजी धंद्याचा दिवस."

"म्हणून तर आधीच सांगितलं."

आठवड्याभरात अमृतनं कपाळाला हात लावला. फोनवर कुणीतरी विचारायचं, तंबूतून पाणी दिसतं का? आणि ही सांगायची, "चार तंबूंतून दिसतं. तुमच्या वाट्याला नऊ नंबर आलाय, त्यातून आमचा गोठा दिसतो."

"नाव सुवार्ता, आन देतीस समद्या वाईट बातम्या," तो करवादला. "जरा गोड बोलावं माणसानं."

"गोडच बोलले. मुलांना म्हशीची धार काढायला शिकवू म्हटलं. येतायत ते."

"आईशप्पथ?"

"शपथ नाही घेत मी. हो म्हटलं ना, म्हणजे हो."

जेवायच्या आधी ती डोळे मिटायची. दोन श्वासांपुरतेच... पण तेवढा वेळ शालूबाई हातातली भाकरी हातातच धरून थांबायची. "दम खा रं, पोरीचं देवाला सांगून होऊ दे," असं लेकाला दटावायची. शालूबाईच्या गुडघ्यांना संध्याकाळी तेल लावून दिल्याशिवाय ही पोरगी घरी जायची नाही. भांडी घासणाऱ्या नंदाबाईचा नवरा आजारी पडला, तेव्हा चार दिवस तिची भांडी हिनं घासली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. खरं बोलणारी माणसं फटकळ असतात असा आपला समज असतो. ही नव्हती. अमृत बघत राहायचा, आणि बघताना पकडला जायचा.

"डोळे मिटून काय मागतीस?" एकदा त्यानं विचारलं.

"मागत नाही, आभार मानते. भाकरीचे... ती करणाऱ्या मावशींचे."

"आन माझे?"

तिनं ताटाकडे पाहिलं. "कधी कधी."

त्या दुपारी अमृतनं एकच तंबू दोनदा उभा केला.

तिला विचारावं असं रोज मनात यायचं, पण धीर व्हायचा नाही. दुसरी एखादी गोड बोलून टाळेल तरी. ही 'नाही' म्हणाली, तर ते नाहीच असणार.

त्यातच पुण्याच्या एका ऑफिसची चाळीस माणसं दोन दिवसांसाठी सगळा कॅम्प घेणार, असं ठरलं. त्यांना बोटिंग हवं होतं. लाइफ जॅकेटं होती सहा, तीही जुनी. तरी अमृत 'होईल की' म्हणून बसला होता. पक्कं करायला फोन आला तो सुवार्तानं घेतला, आणि ती मंडळी दुसरीकडे गेली.

"का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, जॅकेटं सगळ्यांना पुरतील का. सहाच आहेत, आणि तीही भरवशाची नाहीत, म्हटलं."

"आधी मला इचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही 'हो सांग' म्हणाला असता. मग मला तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं, आणि ते... जड गेलं असतं मला."

ते जड का गेलं असतं, एवढंही त्या रागात त्याच्या डोक्यात शिरलं नाही. "उद्यापासनं येऊ नगंस," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तेलाची बाटली कुठं ठेवली आहे ते शालूबाईला सांगितलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिला खोटं पाडायला अमृत जॅकेट चढवून पाण्यात उतरला. खोल पाण्यात पट्टा सुटून हातात आला. तो काठावर वाढलेला, पोहत आला. पुण्याची माणसं काय पोहणार होती? ओल्या अंगानं तो बाकीच्या जॅकेटांचे पट्टे ओढून बघू लागला.

"पोरीनं तुला पापातनं वाचीवलं," मागून शालूबाई म्हणाली. "आन तू तिलाच हाकललंस. जा, घिऊन ये."

रविवारी तो लोणावळ्यात चर्चबाहेर उभा होता. एका म्हातारीला धरून पायऱ्या उतरवताना सुवार्तानं त्याला पाहिलं.

"जुनी जॅकेटं फाडून टाकली," तो म्हणाला. "नवी येईस्तोवर बोट बंद. चुकलो मी."

"हो, चुकलात."

"माफ केलंस?"

"त्याच दिवशी करायचं ठरवलं. पण तीनदा प्रार्थनेला बसले आणि तिन्ही वेळा मनात तुमच्याशी भांडले. काल कुठं जमलं."

"कामावर येशील?"

"येईन."

"अजून एक इचारायचंय... पण तू खरं बोलतीस, म्हणून भ्या वाटतं."

"विचारा."

"मी... आवडतो का तुला?"

फोनवर एका क्षणात उत्तर देणाऱ्या मुलीनं आधी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हो," ती म्हणाली. "पण ऐका. माझा रविवार माझाच राहील. तुमच्या घरीही मी डोळे मिटूनच जेवेन."

"आई थांबती की तुझ्यासाठी. मीबी थांबीन."

"मग चला घरी. पप्पा जेवायला वाट बघतायत."

"आत्ता?" अमृतनं घाईघाईनं शर्टाची कॉलर नीट केली. "त्यांनी इचारलं, ह्यो कोण, तर काय सांगशील?"

सुवार्ता चालू लागली होती. ती वळली आणि त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली,

"ज्याच्याशी मला लग्न करायचंय, तो."