नववी खुर्ची, खिडकीजवळची

सोफेवाल्याला फोन आला तेव्हा तो एका वकिलाच्या खुर्चीची पाठ शिवत होता. दुपारचे साडेबारा झाले असतील. तोंडात चार खिळे धरलेले, अंगावर फोमचा भुगा. खिळे तळहातावर काढून त्यानं फोन कानाला लावला.

"तुमच्या मालाची लाज वाटते का हो तुम्हाला?"

हॉस्पिटलचे टायवाले साहेब बोलत होते. सगळी देखभाल आणि सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. पद मोठं होतं, पण टाय गळ्याशी इतका आवळून बांधायचे की माघारी सगळे त्यांना 'टायवाले'च म्हणत.

"नऊच्या नऊ खुर्च्या खचल्यात. उद्या देणगीदार बघायला येणार आहेत. आज पाचच्या आत मला त्या नव्यासारख्या दिसल्या पाहिजेत."

"खचल्या? बसलं कोण त्यांच्यावर?"

"बसेल कोण? खोलीला पहिल्या दिवसापासून कुलूप आहे. माल खोटा दिलात, दुसरं काय!"

फोन बंद झाला. सोफेवाल्यानं खिळे डबीत टाकले. तीस वर्षांत त्याच्या मालाला कोणी खोटा म्हटलं नव्हतं. आणि म्हणावं कोणी, तर त्या माणसानं! त्यानं फोमचे ताव, दाभण, सुतळी आणि पेचकस टेंपोत टाकलं आणि निघाला. दहा महिन्यांत तो त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानंही गेला नव्हता.

त्या खोलीचं नाव 'विसावा'. काही भल्या माणसांनी आपणहून पैसे दिले होते. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं दिवस दिवस ताटकळतात, त्यांना टेकायला नीट जागा असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मोठी खिडकी, फिकट पिवळ्या भिंती, मागे कलणाऱ्या नऊ खुर्च्या. खुर्च्यांचं काम सोफेवाल्याला मिळालं, तेव्हा त्याच्या बायकोचे उपचार तिथंच चालू होते.

समोर माणूस बसवून माप घेतल्याशिवाय तो खुर्ची करत नसे. या कामाला गिऱ्हाईक म्हणून कोणाला बसवणार? त्यानं बायकोलाच दुकानातल्या स्टुलावर बसवलं. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत, सगळी मापं तिची घेतली. सुई डाव्या हाताला लागायची म्हणून खुर्चीचा डावा हात दोन बोटं उंच धरला.

"सारखी काय मापं घेताय? लग्नातल्या ब्लाउजला एवढी घेतली नव्हती शिंप्यानं," ती म्हणाली.

"गप बस. पहिली खुर्ची तुझी."

"पहिली नको. दारातून वारं येतं. नववी ठेवा, खिडकीजवळची."

उद्घाटन झालं. फीत कापली, फोटो निघाले, आणि दाराला कुलूप लागलं. "लोकांनी वापरलं की खराब होतं," असं टायवाले साहेब म्हणाले. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही काढू दिलं नाही. मग सोफेवाल्याची बायको पाच महिने त्याच दाराबाहेर लोखंडी बाकावर बसली. तिच्या मापाच्या नऊ खुर्च्या काचेच्या आत, आणि ती काचेला पाठ लावून बाहेर.

शेवटच्या दिवशी तिचं टोकन त्र्याऐंशी होतं. व्हरांड्यातलं पाण्याचं मशीन बंद होतं. "घोटभर पाणी आणता का?" ती म्हणाली. तो दोन मजले उतरून बाटली भरून आला, तोवर बोर्डावर चौऱ्याऐंशी लागला होता. तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं. डॉक्टरांच्या दाराशी पुकारा करणारा टोकनवाला तिच्याकडे एकदा बघून "पुढचा!" असं ओरडला होता. तेवढंच.

* * *

व्हरांडा तसाच होता. औषधाचा आणि फिनेलचा वास, माणसांनी भरलेला बाक, भिंतीकडेनं जमिनीवर बसलेली माणसं. पाण्याच्या मशीनवर 'बंद आहे' ही चिठ्ठी, तीच, पिवळी पडलेली.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी त्याला ओळखलं. "आलात होय? बोलावल्याशिवाय कोण येतंय इथं."

साहेबांनी कुलूप काढलं. "पाच वाजता येतो. आणि प्लॅस्टिक फाडू नका, परत चढवायचंय."

"परत?"

"मग काय रोज रोज नवीन आणायचं?" ते निघून गेले.

खोलीत ऊन भरलं होतं. नऊ खुर्च्या, त्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर धूळ. आणि त्या प्लॅस्टिकखाली नऊही बैठका खोल गेलेल्या.

त्यानं पहिलीचं प्लॅस्टिक उचललं, हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बैठक कोमट होती. उन्हानं असेल, म्हणून त्यानं वर पाहिलं. ऊन त्या खुर्चीपर्यंत पोचतच नव्हतं.

खचलेली बैठक बघून तिच्यावर बसणारा माणूस कसा होता, ते सोफेवाला सांगू शकायचा. ही पहिली जड माणसाची, पुढं सरकून बसणाऱ्या, आपलं नाव पुकारलं तर पटकन उठता यावं म्हणून. दुसरीला दोन खळगे, एकात एक. मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई. तिसरीवर कोणी कुशीवर झोपलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन. असं एखाद्या महिन्यात होत नाही. वर्षानुवर्षं, रोज बसावं लागतं.

त्याची एक रीत होती. बैठकीच्या फटीत जे सापडेल ते ज्याचं त्याला परत द्यायचं, मग ती साधी पिन का असेना. सवयीनं त्यानं फटीत बोटं घातली. पहिलीत चष्म्याचा स्क्रू निघाला. दुसरीत लहान मुलाचं बटण. चौथीत गोळ्यांचं रिकामं पाकीट, पाचवीत मनगटाला बांधतात ती हॉस्पिटलची पट्टी, कापलेली.

मागे प्लॅस्टिक चुरचुरलं.

तो वळला. कोणी नव्हतं. मावशी दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर.

"मावशी... इथं कोणी येतं का?"

"किल्ली साहेबांच्या खिशात. येणार कोण?"

"मग हे..."

"मी आत पुसत नाही," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेरच्या बाहेर पुसते. भरलेली खोली पुसायची कशी? बसलेल्यांना पाय वर घ्या म्हटलं, तर घ्यायला नकोत का त्यांनी..."

आणि बादली उचलून त्या निघून गेल्या.

नवव्या खुर्चीजवळ जायला त्याला वेळ लागला. बैठक डावीकडे झुकलेली. डाव्या हाताच्या टोकाला रेक्झिन नखानं उकरलेलं, अगदी गव्हाच्या दाण्याएवढं. घरातल्या तिच्या खुर्चीला असंच उकरलेलं होतं. "नवं कापड टिकू देत नाहीस," असं तो रोज ओरडायचा. त्यानं फटीत बोटं घातली. कागदाची लहानशी घडी हाताला लागली. उलगडायची गरज नव्हती, तरी त्यानं उलगडली.

त्र्याऐंशी.

तो मटकन फरशीवर बसला. भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण भीतीच्या खालून दुसरंच काही उसळून आलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, की ती सुटली. ती सुटली नव्हती. मेल्यावरही हिला यांनी ताटकळत ठेवलं होतं. आणि आता तिला बसायला मिळालेली ही एक जागा, तीही त्याच्याच हातानं भरून सपाट करायची होती. देणगीदारांच्या फोटोसाठी.

त्यानं दाभण पिशवीत टाकलं.

* * *

पाचाला साहेब आले. "हे काय? एकही झाली नाही?"

"माल खोटा नाही," सोफेवाला म्हणाला. "बसून बघा."

"मला काय उद्योग नाहीत का?"

"एवढं मला फोनवर बोललात. एकदा बसा, साहेब."

साहेब कपाळाला आठ्या घालून पहिल्या खुर्चीत बसले. बसले, आणि थोडे आणखी खाली गेले, कोणीतरी सरकून जागा करून द्यावी तसे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"इथं... कोणीतरी..."

ते धडपडत उठले. डाव्या हाताच्या पाठीवर त्यांनी उजवा हात दाबून धरला होता. हात बाजूला झाला तेव्हा दोघांनीही पाहिलं. सुई काढल्यावर लावतात तसा कापसाचा बोळा, वर आडवी पांढरी पट्टी.

"साहेब," सोफेवाला म्हणाला, "खोली उघडा. बाहेर माणसं जमिनीवर बसलीत."

साहेबांनी बोळा ओरबाडून काढला. "उद्या... उद्या पाहुण्यांना काचेतूनच दाखवू. दार लावून घ्या. मी कुलूप घेऊन येतो. दुसरं, मोठं."

माणूस इतका घाबरला होता, तरी त्याला कुलूपच सुचलं! ते गेले आणि सोफेवाल्याचं डोकंच फिरलं. त्यानं पेचकस काढला, बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून सोडवले, दार उचललं आणि व्हरांड्यातल्या भिंतीला टेकवून ठेवलं.

"या," तो बाकाकडे बघून ओरडला. "आत या सगळे. तुमचीच खोली आहे."

कोणी हललं नाही. मग मांडीवर फाइल घेतलेली एक म्हातारी उठली, तिच्यामागे तिची सून. सोफेवाल्यानं भराभरा प्लॅस्टिक ओढून काढलं. हळूहळू आठ जणं टेकली. कोणी डोळे मिटले, कोणी पाय लांब केले. एक म्हातारबाबा काठी टेकत नवव्या खुर्चीपाशी गेले, थबकले, आणि म्हणाले, "बसा बसा, ताई. उठू नका. मी खिडकीशी उभा राहतो."

सोफेवाल्यानं वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

बाहेर बोर्डावर घंटी वाजली. ब्याऐंशी. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. चौऱ्याऐंशी.

तो मुठीत टोकन धरून धावत टोकनवाल्यापाशी गेला. "त्र्याऐंशी राहिला! परत राहिला!"

"राहिला कुठं? पुकारला की." टोकनवाल्यानं कागदातून मान वर केली नाही. "त्या खिडकीजवळच्या बाईंकडे बघूनच पुकारला. त्या म्हणाल्या, माझे हे पाणी आणायला गेलेत, आले की उठते. मी किती थांबणार? पुढचा!"

सोफेवाला जिने उतरला. दोन मजले, खाली. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात एक रिकामी बाटली मागून घेतली, नळाखाली धरली. घाईत निम्मं पाणी मनगटावरून गेलं. पुन्हा धरली, काठोकाठ भरली, आणि धापा टाकत वर आला.

दार जागेवर होतं. दोन पहारेकरी शेवटचा स्क्रू आवळत होते, साहेब नवं कुलूप दाबत होते. आतली माणसं पुन्हा बाकावर आणि जमिनीवर. म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून उभे.

"उघडा," सोफेवाला म्हणाला. "फक्त पाणी द्यायचंय."

"कोणाला?" साहेब म्हणाले. पण काचेकडे त्यांनी पाहिलं नाही.

"उघडा म्हणतो ना! दहा महिने झाले, ती..."

पहारेकऱ्यांनी त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं. जाता जाता त्याला काचेतून दिसलं. आठ खुर्च्या फुगून सपाट झाल्या होत्या, अगदी नव्यासारख्या. खचलेली होती फक्त खिडकीजवळची. त्यानं बाटली मावशींच्या हातात दिली. मावशींनी काही न विचारता ती दाराशी ठेवली.

* * *

पाहुणे आले, काचेतून बघून खूश होऊन गेले. आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, सोफेवाला चहा घेत असताना साहेबांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"तुमच्या खुर्च्या... त्यांच्यात नेमकं काय भरलंय?"

"फोम. आणि बायकोचं माप."

"चेष्टा नको हो..." साहेब कुजबुजले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडचं 'हो' विनवणीचं वाटलं. "तुम्ही इथं येता का? आत्ता?"

"हॉस्पिटलात?"

"नाही. घरी... माझ्या घरी."

त्यांच्या आवाजामागून दुसरा आवाज येत होता. प्लॅस्टिक चुरचुरल्याचा. कोणीतरी टेकावं तसा. मग पुन्हा, थोडा पलीकडून.

"साहेब, तुमच्या घरातल्या सोफ्यावर प्लॅस्टिक आहे का?"

"नाही..."

सोफेवाल्यानं ते आवाज मोजले. सावकाश, एकामागून एक, जागा बघून बसावं तसे. सहा. सात. आठ. तो श्वास रोखून थांबला. नववा आवाज आला नाही. ती अजून त्या खिडकीजवळच होती.

त्यानं चहाचा कप बाजूला सारला, हातानंच पाण्याची एक बाटली चाचपून घेतली, पेचकस खिशात घातला. फोन अजून कानाशीच होता. पलीकडे साहेबांचा श्वास ऐकू येत होता, जलद, तोंडानं घेतलेला. आणि त्या श्वासाच्या अगदी जवळून कोणीतरी, टोकनवाल्याच्या त्याच कंटाळलेल्या सुरात म्हणालं,

"पुढचा."