रॅकच्या टोकाचं बूच

फिटर आला तो बसलाच नाही. खिडकीशी गेला, दाराशी आला, पुन्हा खिडकीशी.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही तर मालक मला कामावरून काढणार. तेही सोसेन. पण सकाळपासून तीन गिऱ्हाइकं आपल्या गाड्या परत घेऊन गेली. म्हणतात, याच्या हातची रॅक नको, आग लागते!"

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळं शहर वहिनीच म्हणे. त्या खऱ्या वहिनी एकट्या भावोजींच्या. हा धाकटा दीर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मागे मागे फिरे, आणि विचारातही एक पाऊल मागेच असे.

"जळलं काय?"

"मोटरसायकलच्या मागे दोन बाजूंना पिशव्या लटकतात ना, त्यातली उजवी. सायलेन्सरकडची. आत एक बासरी होती, गाडीवाल्याच्या वडिलांची. पिशव्या अडकवायची रॅक मी बसवली तेव्हाच उष्णता अडवायला सायलेन्सरवर पत्रा लावला होता. आता गाडीवर पत्राच नाही. मालक म्हणतात, तू विसरलास."

"माणूस विसरतोच," भावोजी कळवळून म्हणाले. "कालच मी कपाळावरचा चष्मा घरभर शोधला."

"भावोजी, चपला घाला."

गॅरेजात मालक येरझाऱ्या घालत होता. "काय बघायचं ते लवकर बघा, बाई. पत्र्यात मी काटकसर केली म्हणाल, तर तो बघा पत्र्यांचा ढीग. याचाच विसरभोळेपणा आहे."

एका ड्रमवर गाडीवाल्याचा थोरला भाऊ बसला होता. डोळे सुजलेले.

"बाबा रोज प्रार्थनेला ती वाजवायचे," तो म्हणाला. "तडा गेला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं तिला पितळी कडं बसवलं. ते गेल्यावर ठरलं, बासरी माझ्याकडे. हा धाकटा तीच मला द्यायला येत होता."

"राखेत काही राहिलंय का, पाहिलंत?"

"हात धजला नाही हो."

धाकटा भाऊ हेल्मेट या हातातून त्या हातात करत उभा होता. "रस्त्यात वास आला. थांबलो, तर पिशवी धुमसत होती. बाटलीतलं पाणी ओतलं आणि तशीच इथे आणली."

"मध्ये उघडली होती?"

"छे! बक्कल पक्कं आहे. पाणी भोकातूनच ओतलं."

"बरं. ती दुसरी, चांगली पिशवी काढा बघू."

त्यानं डावी पिशवी रॅकवरून सोडवली, सवयीनं उलटी केली आणि तोंड खाली करून टेबलावर ठेवली.

"हे बरं केलंत," मालक म्हणाला. "नाहीतर तळाचा चिखल सगळा माझ्या टेबलावर."

वहिनी गाडीशी उकिडव्या बसल्या. सायलेन्सर काळवंडलेला होता, पण दोन जागी बोटभर रुंदीची चकचकीत वळी होती. सायलेन्सर आणि पिशवी यांच्यामधून रॅकची नळी गेली होती. नळीच्या टोकाला प्लास्टिकचं काळं बूच. वहिनींनी त्यावर नख दाबलं. मग जळकी पिशवी पाहिली. सायलेन्सरकडच्या बाजूला, मधोमध भोक. तळ धड. भोकाच्या कडेचे वितळलेले थेंब पिशवीच्या तोंडाकडे ओघळून कडक झालेले. शेवटी बक्कल उघडून त्यांनी ओल्या राखेत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या.

"काय दिसलं, भावोजी?"

"राख. आणि तुमची काळी बोटं."

"मला एक गोष्ट दिसली नाही. तीच महत्त्वाची." त्या उठल्या. "पत्रा होता. ती दोन चकचकीत वळी त्याच्या पट्ट्यांच्या जागा. बाकी सायलेन्सर धुरा-धुळीनं काळा झाला, तेवढंच झाकलेलं राहिलं. पत्रा नुकताच कोणीतरी काढलाय."

"मग त्यामुळेच पिशवी जळली!" भावोजी म्हणाले.

"तसं वाटावं म्हणूनच काढलाय. उष्णता काय मधल्याला ओलांडून पलीकडच्याला गाठते? पिशवीच्या आधी रॅकचं बूच वितळायला हवं. ते नव्यासारखं आहे. पिशवी गाडीवर जळलीच नाही."

त्यांनी जळकी पिशवी सगळ्यांपुढे धरली.

"थेंब बघा. वरच्या तोंडाकडे चढलेत."

"पळत्या गाडीचा वारा..."

"वारा मागे नेईल, भावोजी. वर कसा नेईल? पिशवी जळली तेव्हा उलटी होती. गाडीवर उलटी पिशवी कोणी लटकवत नाही. पण घरी काढून ठेवताना?"

सगळ्यांची नजर टेबलाकडे गेली. धाकट्याचं हेल्मेट हातातून निसटलं.

"आणि पितळेची राख होत नाही. तळ धड, बक्कल बंद. कडं आतच सापडायला हवं. ते नाही, कारण बासरी या पिशवीत नव्हतीच. आत काय जाळलंत?"

"झाडूचा दांडा," धाकटा पुटपुटला. मग भावाकडे वळला. "दादा, बासरी घरी आहे. उशाशी असल्याशिवाय मला झोप लागत नाही रे. बाबांच्या श्वासाचा वास आहे तिला. तुला 'देत नाही' म्हणायला तोंड नव्हतं."

"मागितली असतीस तर..." थोरला अडखळला. खोटं त्याला बोलवेना. "दिली नसती मी. भांडलो असतो. पण ते भांडण आपल्या घरातलं होतं. या परक्याच्या पोराचं अन्न त्यात कशाला लोटलंस?"

धाकट्यानं फिटरपुढे हात जोडले. "चुकलो. माफ कर."

"मी पत्रा लावला होता, हे मला ठाऊकच होतं," फिटर म्हणाला. "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"फोन लावतो त्या तिघा गिऱ्हाइकांना," मालक ओशाळून म्हणाला.

"फोनवर नाही. यांच्या तोंडून. त्यांच्या दारात."

धाकट्यानं गाडी चालू केली. घरं दाखवायला फिटर मागे बसला. थोरला मालकाच्या स्कूटरवर चढला. "भाऊ माझा आहे," एवढंच म्हणाला.

पहिल्या गिऱ्हाइकाचं दार किलकिलं झालं. फिटरला पाहून आतल्या बाईंनी कडीवरचा हात काढलाच नाही.

"काय आहे आता?"

धाकटा पायरीखालीच थांबला.

"ती आग रॅकमुळे लागली नव्हती, काकू," तो म्हणाला. "मी लावली होती."