झाकणाआतला आकडा

कळवणच्या बसमध्ये संजनाच्या शेजारी जो पोरगा येऊन बसला, त्याच्या मांडीवर तिचाच डबा होता.

म्हणजे तिनेच बंद केलेला. शाळा सोडली तेव्हापासून अंबडच्या कारखान्यात ती हेच करायची. शेतातलं ठिबक आपोआप चालू-बंद करणाऱ्या डब्यांना स्क्रू मारायचे. या डब्याचा लाल दिवा मात्र जाता जात नव्हता.

"काय छळताय त्याला?"

"तोच मला छळतोय." चष्मा वर सारत तो हसला. यशोधन त्याचं नाव, कंपनीच्याच ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचा. "नवा प्रोग्रॅम चालतच नाहीये. कळवणला असे चाळीस लावलेत, त्यातलाच हा एक काढून आणलाय. आज चालले नाहीत तर शेतकरी सगळे परत देणार... आणि मी घरी."

"ऑफिसात चालला होता?"

"एकदम मस्त."

"चालणारच. तिकडे नवे डबे असतात." पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून तिने झाकण उघडलं. आत मार्करने लिहिलेलं — ४.१९. "हा यातला कर्नल, म्हणजे डबा चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा नंबर. मीच लिहिते, लक्षात राहायला. तुम्ही काय धरलं?"

तो हळूच म्हणाला, "कर्नलकडे काय काय मागता येतं, त्याची यादी असते. हेडर म्हणतात. मी सगळ्यात नवे घेतले... ६.६ चे."

"म्हणजे म्हाताऱ्याला जे माहीतच नाही, ते मागताय? आणि वर दिवा लाल म्हणून त्यालाच शिव्या?"

आता हा चिडणार, तिला वाटलं. इंजिनिअर लोक चिडतातच. पण तो म्हणाला, "चुकलं माझं. सगळ्यात जुना डबा बघून यादी घ्यायची. नव्या कर्नलला जुनं मागणं कळतंच."

इतक्या सहज चूक कबूल करणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला. नंतर ती खिडकीतून बाहेर बघत होती — म्हणजे तसं दाखवत होती. काचेत त्याची लॅपटॉपवर भरभर चालणारी बोटं दिसत होती.

वणीला त्याने उसाचा रस आणला.

"मी मागितला होता?"

"नाही. पण रागावून घसा कोरडा पडला असेल."

तिने ग्लास घेतला. हसली मात्र नाही.

कळवण यायला पाच मिनिटं होती... आणि दिवा हिरवा झाला. यशोधन दिव्याऐवजी तिच्याकडेच बघत राहिला.

"झाकण लावते," ती घाईघाईने म्हणाली. पाठ वळवून झाकणाच्या आत मार्करने काहीतरी खरडलं, चारही स्क्रू घट्ट आवळले.

स्टँडवर उतरल्यावर त्याने विचारलं, "तुमचा नंबर...?"

"हा घ्या स्क्रूड्रायव्हर," म्हणत ती मामाच्या घराकडे निघाली.

फाटकापर्यंत पोचली नाही, तोच फोन वाजला.

"संजना, अजून एकोणचाळीस झाकणं उघडायचीत," तो म्हणाला. "येतेस?"

'तुम्ही'चं 'तू' केलं त्याने, तेही न विचारता. एरवी ती चांगली फणकारली असती.

"थांब तिथेच," ती म्हणाली. "मामाला सांगते, घरी संध्याकाळी येईन म्हणून."