मुळासकट दोन मुठी

"आईने माझ्या नवऱ्याला मारलं नाही हो! तेवढं सिद्ध करा," ती म्हणाली आणि नाक पुसू लागली.

मास्तरांना भडभडून आलं. खाजगी हेर असलेले अण्णा मात्र शांत होते. मास्तर त्यांचे जुने सोबती. मनाने हळवे, डोक्याने जरा सावकाश.

तिची आई ओढ्यातली रानभाजी विकायची. परवा तीच भाजी खाऊन जावई गेला. त्या भाजीसारखंच दिसणारं विषारी रोप तिच्यात मिसळलं होतं. सासू-जावयाचं पटत नव्हतंच. त्यात म्हातारीने गुन्हा कबूलही करून टाकला.

"तुम्ही नाही खाल्लीत?" अण्णांनी तिला विचारलं.

"सर्दीने तोंडाला चव नव्हती. नुसती शिजवली."

"अरे देवा, दूध करपलं!" मास्तर आत धावले. वास घरभर झाला होता. ती गोंधळून म्हणाली, "यांना बसल्याबसल्या कसं कळलं?"

तिच्या घरी दीर भेटला. "माझ्यावर संशय? मी आठवडाभर परगावी होतो. पोलिसांनी खात्री केलीय!"

अण्णा परसात गेले. भाजी निवडून टाकलेल्या कचऱ्यात बहुतेक देठ सफाईने कापलेले होते. काहींना मात्र चिखलाने भरलेली मुळं होती.

"शी! काय उग्र वास मारतायत ही मुळं!" मास्तर मागे सरले.

मग दोघे लेकीला घेऊन चौकीत गेले. ती हवालदाराच्या टेबलापाशी थांबली. म्हातारी कोठडीत होती.

"मीच विष मिसळलं. रागाने."

"आजी, भाजी काढता कशी?" अण्णांनी विचारलं.

"विळ्याने, पाण्याच्या वर. मूळ राहिलं तरच पुन्हा फुटते. एकेक देठ चुरडून हुंगायचा, मगच टोपलीत."

"कधी उपटलीत?"

"जन्मात नाही!" म्हातारीने जीभ चावली.

अण्णांनी लेकीला विचारलं, "तुमच्या घरी आलेल्या भाजीची टोपली कोणी भरली?"

"आईनेच. तिचे गुडघे दुखायला लागले, म्हणून शेवटच्या दोन मुठी मी उपटून घातल्या. आई तपासतेच ना सगळी."

"ती कापतानाच हुंगते. टोपलीतली पुन्हा कशाला हुंगेल? विषारी रोपाला उग्र वास असतो, पण तुम्हाला करपलेलं दूधही कळलं नाही. जावई गेल्यावर आईने तुमच्या परसात ती मुळं पाहिली असणार. म्हणून हा कबुलीजबाब."

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे मी... माझ्या हाताने..."

"काही ऐकू नकोस त्यांचं!" म्हातारी गज धरून ओरडली. "मी मिसळलं! घरी जा तू!"

लेक टेबलाकडे वळली. "हवालदारसाहेब, लिहून घ्या. भाजी मी उपटली."

"खोटं बोलते ती! माझं लिहिलंय ना? तेच राहू द्या!"

दोघी एकदमच रडत बोलत होत्या. हवालदाराने हातातलं पेन खाली ठेवलं.